घडी नसलेली प्रथिनं आणि माझी ३१ वर्षांची शिकवणी

खडूफळा (धागाकर्ता)

मंडळी, कनिष्ठ महाविद्यालयात ३१ वर्षं जीवशास्त्र शिकवून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालो. एवढ्या वर्षांत एक वाक्य फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल याची गणती नाही: "अमिनो आम्लांचा क्रम आकार ठरवतो, आकार काम ठरवतो." शेजारी कुलूप आणि किल्लीचं चित्र. एमिल फिशरनं १८९४ साली विकरांसाठी (एन्झाइम्ससाठी) वापरलेली ही उपमा चालत चालत आमच्या क्रमिक पुस्तकात आली आणि मी ती इमानेइतबारे शेवटच्या बाकापर्यंत पोचवली.

परवा पुतणी आली होती, एमएस्सी करते. तिनं लॅपटॉपवर अल्फाफोल्ड, म्हणजे प्रथिनांच्या आकाराचा अंदाज बांधणारी संगणक प्रणाली, उघडून पी५३ दाखवलं. पेशीची कर्करोगाविरुद्धची राखण करणारं हे प्रथिन, नाव ऐकून होतो. मधला भाग निळाशार, सुबक, व्यवस्थित घडी घातलेला. आणि टोकांना नारिंगी धागे, ताटाबाहेर शेवया सांडाव्यात तसे. मी म्हटलं, इथे संगणकाला जमलेलं दिसत नाही. तर म्हणते, "काका, तिथे घडी नाहीच आहे. आणि बरीचशी कामं त्या शेवयाच करतात."

रात्री झोप लागली नाही. सरळच विचारतो. आकार नाही तर काम कसं होतं? आणि मी ३१ वर्षं पोरांना चुकीचं शिकवलं का? असेल तर स्पष्ट सांगा, पेन्शन सुरू झालेली आहे.

चहाटळ

पहिला!

पेन्शन सुरू झाली म्हणजे विषय संपला. बिनधास्त झोपा.

नळी_धुणारी

सर, विकरांपुरतं तुमचं वाक्य आजही खरं आहे. फक्त प्रथिनं म्हणजे विकरंच असं धरून चालल्यामुळे गोंधळ झाला, आणि तो तुमच्या वर्गात झाला नाही, सगळ्या जगातच झाला.

माझं पीएचडीचं काम अल्फा-सिन्युक्लिन नावाच्या प्रथिनावर आहे. १४० अमिनो आम्लांची साखळी, पाण्यात सोडली तर ठरावीक घडी नाही. आम्ही ते जिवाणूंकडून बनवून घेतो. मग जिवाणूंच्या बाकीच्या हजारो प्रथिनांमधून ते वेगळं कसं काढायचं? सगळा रस्सा चक्क उकळायचा. सीनियरनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मला वाटलं रॅगिंग चाललंय. पण खरंच, बाकीची बहुतेक सगळी प्रथिनं उष्णतेनं उसवतात, एकमेकांना चिकटून गठ्ठे होतात आणि नळी फिरवली की तळाला बसतात. आमचं महाशय वरच्या नितळ पाण्यात, जसेच्या तसे. ज्याची घडीच नाही त्याची उष्णता मोडणार काय?

घडी का पडत नाही याचं उत्तर अमिनो आम्लांच्या यादीत आहे. घडी घालायला तेलकट स्वभावाची, पाण्याला टाळणारी आम्लं लागतात. ती पोटात गोळा होतात आणि बाकीची साखळी त्यांच्याभोवती गुंडाळली जाते. मोकळ्या भागांत ही मंडळी कमी. त्याऐवजी ग्लुटामिक आम्ल, लायसिन, सेरीन, प्रोलीन यांची भरती. म्हणजे मोकळं राहणंही क्रमातच लिहिलेलं असतं. तुमच्या वाक्याचा पहिला शब्द शाबूत आहे सर!

पातेलं

थांबा थांबा. उकळण्यावरून एक विचारते. विज्ञानातलं कळत नाही, स्वयंपाकघरातलं कळतं.

अंडं उकडलं की घट्ट होतं. दूध मात्र कितीही उकळा, साय धरेल, आटेल, पण घट्ट गोळा होत नाही. आणि त्याच गाईचा चीक वाफवला की खरवस पडतो. एकाच कासेतून आलेलं, मग फरक कसला? आमच्या सासूबाई म्हणायच्या "चिकाचा गुण वेगळा". तुमच्या त्या उकळत्या नळीशी याचा काही संबंध?

नळी_धुणारी

पातेलं ताई, साष्टांग. मी चार वर्षं या विषयात आहे आणि खरवस खाताना मला हे कधी सुचलं नाही.

अगदी तोच संबंध. गाईच्या दुधातलं सुमारे ८० टक्के प्रथिन केसीन असतं, आणि केसीन मोकळ्या प्रथिनांचं जुनं, ठळक उदाहरण आहे. अंड्याच्या पांढऱ्यात घडीची प्रथिनं असतात. ती उसवली की आतला तेलकट भाग बाहेर येतो, एकमेकांत अडकतो आणि जाळं होऊन घट्ट बसतं. केसीनकडे उसवण्यासारखं फारसं काही नसतं. चिकात मात्र वासराच्या रक्षणासाठी प्रतिपिंडं ठासून भरलेली असतात, शिवाय निवळीतली प्रथिनंही जास्त. ती सगळी घडीची. वाफ लागली की त्यांचं अंड्यासारखं होतं. दोन-तीन दिवसांनी प्रतिपिंडं कमी झाली की खरवस नीट पडत नाही, हे तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत.

आणि केसीन मोकळं का? त्याला कॅल्शियम फॉस्फेट धरून ठेवायचं असतं. कॅल्शियम आणि फॉस्फेट एवढ्या प्रमाणात नुसत्या पाण्यात असते तर खडे झाले असते. केसीनच्या लवचीक साखळ्या त्यांच्या अतिसूक्ष्म कणांना चहूबाजूंनी बिलगतात आणि वाढू देत नाहीत. वासराला हाडांचा माल पातळ स्वरूपात मिळतो. हे काम ठरावीक साच्याच्या प्रथिनाला जमलं नसतं.

चहाटळ

म्हणजे नासलेलं दूध हा प्रथिनांचा मोर्चा आणि खरवस हा अधिकृत मेळावा.

पातेलं

समजलं. सासूबाईंना फोन करून सांगते की तुमचं बरोबर होतं. (हे वाक्य स्क्रीनशॉट काढून ठेवा, पुन्हा होणे नाही.)

स्फटिकराव

उत्साहाच्या भरात सगळे वाहवत चाललेत म्हणून थोडं पाणी ओततो. मी आयुष्यभर क्ष-किरणांनी प्रथिनांचे स्फटिक पाहिले. केंड्र्यू आणि पेरूट्झ यांना १९६२ साली नोबेल मिळालं ते मायोग्लोबिन आणि हिमोग्लोबिन या प्रथिनांच्या आकारांसाठी. अ‍ॅनफिन्सनला १९७२ साली मिळालं, कारण उसवलेलं रायबोन्यूक्लीज हे विकर आपलं आपण पुन्हा घडीवर येतं हे त्यानं दाखवलं. आपल्याकडे मद्रास विद्यापीठात रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी १९६३ साली प्रथिनाच्या साखळीला कोणती वळणं शक्य आहेत याचा जो आलेख मांडला, त्यावर आजही जगातला प्रत्येक नवा आकार तपासून घेतात. या इमारतीवर असं उड्या मारत चढू नका.

दुसरं. या बाईंचं प्रथिन परीक्षानळीत मोकळं असेल. पेशी म्हणजे परीक्षानळी नव्हे. पेशीत प्रथिनांची गर्दी म्हणजे संध्याकाळची विरार लोकल. त्या गर्दीत हातपाय पसरून उभं राहता येतं का? घडी घालूनच उभं राहावं लागतं. नळीत मोकळं दिसतं ते पाहणाऱ्याच्या सोयीमुळे.

वांद्रे_ते_विरार

काका, बाकीचं माहीत नाही, पण विरार लोकलमध्ये माणसं पत्ते खेळतात, भाजी निवडतात आणि एक जण उभ्या उभ्या पेपर पूर्ण उघडून वाचतो. तुम्ही प्रथम वर्गाने गेला असाल.

नळी_धुणारी

स्फटिकराव सर, शंका रास्त आहे आणि ती या क्षेत्रात बरीच वर्षं गंभीरपणे घेतली गेली. म्हणूनच २०१६ साली एका गटानं अल्फा-सिन्युक्लिन जिवंत सस्तन पेशींच्या आत घालून एनएमआरनं, म्हणजे चुंबकीय क्षेत्रात रेणूंची रचना पाहणाऱ्या तंत्रानं, पाहिलं. चेतापेशींसकट पाच प्रकारच्या पेशी घेतल्या होत्या. आतही ते मोकळंच राहतं. गर्दीनं थोडं अंग चोरतं, पण घडी नाही.

आणि एक विचारू? रागवू नका. स्फटिक होत नसेल तेव्हा तुम्ही काय करायचात?

स्फटिकराव

शेपट्या कापायचो.

बरं, कबूल करतो. सगळेच कापायचे. लांब साखळीचा स्फटिक धरत नसेल तर टोकाचे लुळे भाग जनुकातूनच छाटायचे, मधला घट्ट गोळा ठेवायचा, आणि तो झक्क स्फटिक द्यायचा. त्यातूनही एखादी शेपटी राहिली तर क्ष-किरणांच्या नकाशात ती जागा कोरी दिसायची. लेखात एक वाक्य टाकायचो की अमुक ते तमुक क्रमांकांचे अवशेष, म्हणजे साखळीतली अमिनो आम्लं, दिसले नाहीत. पुढे कोणी विचारायचं नाही. कॅल्सिन्यूरिनचा आकार १९९५ साली आला त्यात असाच जवळपास शंभर अवशेषांचा तुकडा गायब होता. आणि नेमका तोच तुकडा त्या विकराचं बटण दाबायला लागतो.

तरी माझं म्हणणं मागे घेत नाही. पी५३ चंच उदाहरण घ्या. माणसाच्या जवळपास निम्म्या कर्करोगांत ते बिघडलेलं सापडतं, आणि बिघाडांची मोठी गर्दी असते ती त्या निळ्याशार घडीच्या भागात, डीएनए धरणाऱ्या. शेवयांमध्ये नाही. मग महत्त्वाचं काय?

दूरदेशी

स्फटिकराव, निरीक्षण बरोबर, निष्कर्ष घाईचा. घडीच्या भागात एक अवशेष बदलला की सगळी घडी ढासळू शकते. मोकळ्या भागात एक बदलला तर बहुतेक वेळा निभावून जातं. पत्त्यांचा बंगला आणि पत्त्यांची रास यात हाच फरक. म्हणून रास बिनकामाची ठरत नाही.

पी५३ च्या पुढच्या शेपटीत एक छोटा तुकडा आहे. मोकळा असताना त्याला रूप नाही. एमडीएम२ नावाच्या दुसऱ्या प्रथिनाच्या खोबणीत शिरताना त्याचं मळसूत्र होतं आणि त्याची तीन तेलकट अमिनो आम्लं खोबणीत रुतून बसतात. एमडीएम२ हा पी५३ चा मुकादम, त्याला मोडीत काढायला पाठवणारा. पेशीला इजा झाली की याच शेपटीवर फॉस्फेटचे ठिपके चढतात आणि मुकादमाची पकड सुटायला मदत होते. साखळी उघडी असल्यामुळे ठिपका चढवणाऱ्या विकरांना तिथे सहज हात घालता येतो. घट्ट गोळ्याच्या पोटात कुठून घालणार?

मागच्या शेपटीची गंमत तर त्याहून मोठी. तिचा एकच छोटा तुकडा एका जोडीदाराशी मळसूत्र होऊन बसतो, दुसऱ्याशी सरळ पट्टी होऊन, तिसऱ्या-चौथ्याशी नुसताच वाकडातिकडा. क्रम तोच, जोडीदार वेगळा, रूप वेगळं.

कोल्हापुरी_पायताण

हे म्हणजे आमच्या आजोबांचा पंचा की!

सदरा एकाच कामाचा. बाह्या आहेत तिथेच हात जाणार. पंचा मात्र आंघोळीला नेसा, डोक्याला गुंडाळा, ओझ्याखाली चुंबळ करा, बाजारात भाजीची झोळी करा, उन्हात तोंडावर घ्या. त्याला स्वतःचा आकार नाही म्हणून तर तो शेतकऱ्याच्या खांद्यावर चोवीस तास असतो. विकर म्हणजे सदरा आणि ही पंचा प्रथिनं.

खडूफळा (धागाकर्ता)

पायताणराव, हे ३१ वर्षांपूर्वी भेटायला हवं होतं!

स्फटिकराव

उपमा झकास, पण पंच्याला माणूस घडी घालतो. इथे माणूस कोण?

दूरदेशी

जोडीदार. अर्थात नेहमी नाही, आणि उपमा इथेच फाटते. कधी साखळी आधी क्षणभर मळसूत्र होऊन पाहते आणि त्या रूपात जोडीदाराला भेटते, कधी आधी चिकटते आणि मग रूप घेते.

कधी तर चिकटूनही रूप घेत नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेलं हिस्टोन एच१ आणि प्रोथायमोसिन-अल्फा या दोन प्रथिनांचं उदाहरण पाहा. एकावर ढीगभर धन भार, दुसऱ्यावर ढीगभर ऋण. दोघं इतकी घट्ट धरतात की एरवी तसल्या पकडीसाठी कुलूप-किल्लीच लागते असं आपण म्हटलं असतं. आणि धरल्यावरही दोघं पूर्ण मोकळीच! दोन पंचे एकमेकांत गुंतले, गाठ मात्र कुठेच नाही. मला स्वतःला हे पचायला आठवडा गेला.

शून्यातून_शून्याकडे

आपल्या परंपरेत हे फार पूर्वी सांगितलेलं आहे. निराकार तेच सर्व आकारांचं मूळ.

चहाटळ

अध्यात्म विभाग डावीकडे, जिन्याखाली. चपला बाहेर काढा.

भाषाभगिनी

अवांतर, पण राहवत नाही. यांना मराठीत म्हणायचं काय? एका व्याख्यानात "अंगभूत अव्यवस्थित प्रथिने" ऐकलं आणि वसतिगृहातल्या मुलांची खोली डोळ्यांपुढे आली. "विस्कळीत" म्हटलं तर आधी नीट होती, मग विस्कटली असं वाटतं. "अघटित" म्हटलं तर भलताच अर्थ.

वऱ्हाडी_ठेचा

उनाड म्हना. उनाड प्रथिनं. घरी बसत नाही, गावभर हिंडते, पन सगळ्याइची वळख ठेवते अन् लगनात सगळ्यात जास्त तेच राबते.

भाषाभगिनी

"उनाड" मनापासून आवडलं, पण परीक्षेत कोण लिहू देणार? वर नळी_धुणारी सहजपणे "मोकळी" म्हणून गेली आहे. मोकळे केस, मोकळा भात, मोकळं बोलणं, कशातच दोष नाही. माझं मत "मोकळी".

नळी_धुणारी

मी ठरवून नव्हतं लिहिलं. पण प्रबंधात "मोकळी" लिहीन, बघू मार्गदर्शक काय म्हणतात. (प्रबंध इंग्रजीत आहे, म्हणजे काहीच म्हणणार नाहीत.)

गणिती_गोंधळ

ही उनाड/मोकळी मंडळी किती आहेत एकूण? चार-दोन अपवाद असतील तर एवढा ऊहापोह कशाला?

दूरदेशी

अपवाद नाहीत. २००४ सालच्या एका गाजलेल्या मोजणीत सलग तीसहून जास्त अवशेषांचा मोकळा भाग असलेली प्रथिनं जिवाणूंमध्ये सुमारे ४ टक्के निघाली, आणि केंद्रकवाल्या सजीवांमध्ये, म्हणजे यीस्टपासून माणसापर्यंत, सुमारे ३३ टक्के. संगणकी अंदाज आहे, पण एवढा फरक अंदाजाच्या चुकीनं पडत नाही. रोज तेच अन्न पचवायचं तर सदरे पुरतात. शेकडो प्रकारच्या पेशी, त्यांचे निरोप, कोणतं जनुक कधी चालू आणि कधी बंद, हा कारभार आला की पंचे लागतात. जनुकं चालू-बंद करणाऱ्या आणि निरोप पोचवणाऱ्या प्रथिनांत मोकळे भाग जागोजागी सापडतात ते त्यामुळेच.

केंद्रकाचं दारही यांनीच राखलेलं आहे. केंद्रकाच्या भोकांत मोकळ्या साखळ्यांचा झुपका लोंबतो, लग्नाच्या मांडवात दाराला झिरमिळ्या असतात तसा. छोटे रेणू त्यातून सहज सरकतात. मोठ्यांना मात्र ओळखीचा वाटाड्या सोबत लागतो, जो झिरमिळ्यांना जागोजागी हलकेच धरत सोडत आत घेऊन जातो. दाराला फळीच नाही, तरी पहारा चोख.

आणि थेंब! २००९ साली एका सूत्रकृमीच्या भ्रूणात दिसलं की पी-ग्रॅन्यूल नावाचे कण थेंबांसारखे वागतात: घरंगळतात, ओघळतात, दोन भेटले की एक होतात. पुढे कळत गेलं की असे थेंब पेशीत ठिकठिकाणी आहेत आणि त्यांच्या मुळाशी बऱ्याचदा मोकळ्या साखळ्यांची ढिली पकड असते. भिंत नाही, तरी खोली तयार. मिसळीच्या कटावर तर्रीचे थेंब पाहिले असतील, चमच्यानं जवळ आणले की एक होतात. हवं तेव्हा जमायचं, काम झालं की विरघळून जायचं.

मिसळसम्राट

इतका वेळ काही कळत नव्हतं. तर्रीपाशी आल्यावर सगळं कळलं.

सांजवात

मी सहसा वाचनमात्र असते. वर अल्फा-सिन्युक्लिन वाचलं म्हणून लिहिते.

बाबांना सहा वर्षांपूर्वी पार्किन्सनचं निदान झालं. बँकेत होते, अक्षर मोत्यासारखं. आधी अक्षर बारीक होत गेलं. आम्हाला वाटलं चष्मा बदलायला हवा. सही जुळेना म्हणून चेक परत आला तेव्हा कुठे डॉक्टरकडे गेलो. तिथल्या कागदावर मी हे नाव पहिल्यांदा वाचलं होतं. इथे तुम्ही सगळे ज्याला मोकळं, उनाड म्हणताय ते हेच का? मग ते वाईट आहे का? शरीरात असतंच कशाला?

नळी_धुणारी

सांजवात ताई, हो, तेच. आणि वर मी "महाशय" वगैरे लिहिलं ते आता वाचवत नाही.

ते वाईट नाही. निरोगी मेंदूतही ते भरपूर असतं, चेतापेशींच्या टोकांशी, जिथून निरोपाच्या रसायनांच्या पिशव्या सुटतात तिथे. पिशवीच्या पृष्ठभागाला लागलं की ते मळसूत्र होतं, सुटलं की पुन्हा मोकळं. पिशव्यांची ये-जा सांभाळायला मदत करतं असं दिसतं. पण मोकळेपणाला एक धोका चिकटलेला आहे. ज्याला ठरावीक घडी नाही ते कधीतरी चुकीच्या घडीतही बसू शकतं. एकाला एक पट्ट्या लागत जातात, तंतू बनतो, तंतूंचे गोळे होतात. १९९७ साली दोन गोष्टी पाठोपाठ कळल्या: काही कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या येणाऱ्या पार्किन्सनमागे याच प्रथिनाच्या जनुकातला बदल आहे, आणि रुग्णांच्या मेंदूत दिसणारे ल्यूई बॉडी नावाचे गोळे याच प्रथिनाचे आहेत. अल्झायमरमधलं टाऊ हेही मोकळं प्रथिन. त्याचंही असंच होतं.

वैद्यबुवा_नव्हे_डॉक्टर

न्यूरॉलॉजीत आहे. सांजवात, अक्षर बारीक होणं ही अगदी ओळखीची सुरुवात आहे, आणि घरच्यांना ती चष्म्याची तक्रार वाटणं हेही नेहमीचं. स्वतःला दोष देऊ नका. वास न येणं, बद्धकोष्ठता, झोपेत हातपाय झाडणं, हे तर कंप सुरू होण्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून असू शकतं आणि कोणी त्याचा संबंध जोडत नाही.

आजची औषधं मेंदूतल्या डोपामिन या रसायनाची उणीव भरून काढतात, त्यानं हालचाल सुधारते. गोळे होण्याची प्रक्रिया थांबवणारं औषध अजून आमच्या हातात नाही.

कोल्हापुरी_पायताण

डॉक्टर, आमच्याकडे खाजकुइलीच्या बिया देतात कंपवाताला. त्यात काही तथ्य?

वैद्यबुवा_नव्हे_डॉक्टर

आहे. त्या बियांमध्ये लेव्होडोपाच असतं, आम्ही गोळीत देतो तेच. म्हणूनच जपायचं. गोळ्या चालू असताना वरून बियांची पूड सुरू केली तर एकूण किती पोटात गेलं ते कोणालाच कळत नाही, आणि मग अंग वेडंवाकडं हलायला लागलेले रुग्ण माझ्याकडे येतात. घेत असाल तर लपवू नका, सांगा.

सांजवात

धन्यवाद, सगळ्यांना. बाबा अजून रोज एक ओळ लिहितात, भिंग घेऊन वाचावी लागते. उद्या त्यांना पंच्याचं उदाहरण सांगणार आहे, त्यांच्या खांद्यावर अजूनही असतो.

गणिती_गोंधळ

औषध का होत नाही? गोळा होऊ नये असं काहीतरी चिकटवून टाकायचं त्या साखळीला.

स्फटिकराव

चिकटवायला खोबण लागते. औषधं बनवण्याची आमची सगळी कला खोबणीवर उभी आहे, आणि पंच्याला खोबण नसते. एमवायसी नावाचं प्रथिन कर्करोगांत किती हात चालवतं हे सगळ्यांना माहीत आहे, पण ते असंच मोकळं, म्हणून दशकानुदशकं औषधवाल्यांच्या हातातून निसटतंय. पी५३ च्या बाबतीत लोकांनी पळवाट काढली. शेपटीला हात न लावता मुकादमाची खोबणच बुजवायची. नटलिन नावाची संयुगं २००४ साली आली ती अशी. म्हणजे पुन्हा घडीच्या भागालाच धरलं! माझी बाजू अगदीच पडलेली नाही.

दूरदेशी

मान्य. त्यात भर म्हणून सांगतो, वर तर्रीच्या थेंबांबद्दल लिहिलं ते थेंबही म्हातारे होतात. एफयूएस नावाच्या प्रथिनाचे थेंब प्रयोगशाळेत काही तास ठेवले की घट्ट व्हायला लागतात, आणि स्नायू लुळे पाडणाऱ्या एएलएस या आजारात सापडणारे काही बदल त्यात असले की लवकर घट्ट होतात. थंडीत खोबरेल तेल गोठतं तसं दिसतं. फरक एवढाच की बाटली उन्हात ठेवून हे परत पातळ होत नाही.

वऱ्हाडी_ठेचा

बिमारीचंच बोलून राह्यले सगळे. काही चांगलं सांगा ना राजेहो.

नळी_धुणारी

भाऊ, खास तुमच्यासाठी. बी पिकताना वाळतं, जवळजवळ कोरडं होतं, आणि तरी महिन्यांनी पाणी मिळालं की उगवतं. वाळताना बियांत काही प्रथिनं ढिगानं तयार होतात, त्यांना एलईए म्हणतात. त्यातली बहुतेक मोकळी. ती पहिल्यांदा कशात सापडली माहितीये? सरकीत! १९८१ च्या सुमारास, अमेरिकेत, कपाशीच्या बियांवर काम चालू असताना. यांचं सगळंच उलटं: ओल्यात मोकळी, आणि पाणी उडून जायला लागलं की त्यातली काही मळसूत्राचं रूप घेतात. बाकीच्या प्रथिनांचे गठ्ठे होऊ नयेत म्हणून मध्ये मध्ये उभी राहतात.

वऱ्हाडी_ठेचा

सरकीत? अन् आमी ते ढेप करून म्हशीले चारून राह्यलो! तिच्या दुधात पुन्हा केसीन. म्हंजे उनाडाचं खाऊन उनाडच देते.

चहाटळ

म्हशीला यातलं काही सांगू नका, भाव वाढवेल.

सड्यावरचा

सह्याद्रीच्या सड्यांवर उन्हाळ्यात काही गवतं वाळून काडी होतात, मेली असंच वाटतं. पहिल्या पावसात काही तासांत हिरवी. तिथेही हीच प्रथिनं का?

नळी_धुणारी

कोरडं पडून पुन्हा जगणाऱ्या वनस्पतींमध्ये ही प्रथिनं मोठ्या प्रमाणात असतात, हो. अर्थात एकटी नाहीत, साखरेचे काही प्रकारही सोबतीला लागतात. पाणअस्वल (टार्डिग्रेड) नावाच्या सूक्ष्म प्राण्याकडे तर याच कामासाठी स्वतःची वेगळीच मोकळी प्रथिनं आहेत. त्यांची जनुकं यीस्टमध्ये घातली तर यीस्टसुद्धा वाळणं जास्त सोसतं, हे २०१७ साली दाखवलंय.

स्फटिकराव

खडूफळा, तुमचा मूळ प्रश्न सगळ्यांनी खरवसात बुडवला. मी माझ्यापुरतं उत्तर देतो. तुम्ही पोरांना चुकीचं शिकवलं नाही. आम्ही ज्यांचे स्फटिक दिले त्यांचंच शिकवलंत, आणि उरलेल्यांची चित्रं आम्ही तुम्हाला दिलीच नाहीत. अमेरिकेतल्या स्क्रिप्स संशोधन संस्थेच्या राइट आणि डायसन यांनी १९९९ साली या सगळ्याचा फेरविचार करा म्हणून मोठा लेख लिहिला, तेव्हा मी प्रयोगशाळेत शेपट्या छाटत बसलो होतो. लेख वाचला होता. विनोद म्हणून मित्रांना दाखवला होता.

खडूफळा (धागाकर्ता)

स्फटिकराव, तुमच्यामुळे आज झोप लागेल. मंडळी, सगळ्यांचे आभार. पुतणीला धागा पाठवला, तिनं नुसता अंगठा पाठवला, म्हणजे बहुधा पास.

शेजारच्या शिकवणीतल्या बारावीच्या सहा पोरांना काल घरी बोलावलं. एका पातेल्यात पाण्यात कालवलेला अंड्याचा पांढरा, दुसऱ्यात दूध, तिसऱ्यात डेअरीवाल्यानं कशीबशी दिलेली वाटीभर चीक. तिन्ही एकाच वेळी गॅसवर. अंडं गोठलं, चीक धरला, दूध उतू गेलं (माझं लक्ष पोरांच्या तोंडांकडे होतं, हिचं ओट्याकडे). मग फळ्यावर कुलूप-किल्ली काढली, पुसली नाही. शेजारी पंचा टांगला.

एक पोरगी म्हणाली, "सर, दूध उकळून घट्ट होत नाही हे कळलं. मग दही न उकळता घट्ट कसं होतं?" मी म्हटलं, उद्या सांगतो. नळी_धुणारी, उद्या म्हणजे आज संध्याकाळी पाच.

नळी_धुणारी

सर, चारच वाजलेत, वेळ आहे. केसीनचे कण एकमेकांपासून लांब राहतात ते मुख्यतः बाहेरच्या केसाळ थरामुळे. तो थर कप्पा-केसीनच्या मोकळ्या शेपट्यांचा, ऋण भार असलेल्या. विरजणातले जिवाणू लॅक्टिक आम्ल सोडतात, आंबटपणा वाढतो, भार निवत जातो. पीएच ४.६ च्या आसपास धन-ऋण सारखे होतात आणि कणांना एकमेकांना ढकलायला काही उरत नाही. जाळं जमतं, दही लागतं. लिंबू पिळून पनीर करतानाही तेच, फक्त घाईत. चीज करणारे रेनेट वापरतात तेव्हा तर त्यातलं विकर त्या शेपट्याच छाटून टाकतं.

चहाटळ

स्फटिकरावांसारखं.

पातेलं

खडूफळा सर, तो वाटीभर खरवस कोणी खाल्ला ते नाही सांगितलंत. वेलची-गूळ घातला होता ना?